नऊवारी लुगड्यांची गोधडी : थर, दोरा, टाका आणि कोकणातली दमट हवा

सुरंगी
आज्जीची दोन आणि आईची दोन, अशी चार सुती नऊवारी लुगडी घरात आहेत. त्यांची गोधडी हाताने शिवायला शिकायचं आहे. घरात पायमशीनही आहे, पण हातशिलाईच हवी. घर वेंगुर्ल्याकडे खाडीकाठी, म्हणजे पावसाळ्यात कपाटातला कपडासुद्धा दमट लागतो. प्रश्न असे :
एका गोधडीला किती लुगडी लागतात? लुगडं कापायचं की घड्या घालून अख्खंच वापरायचं? दोरा कुठला? टाके कडेने घालत आत यायचं की मधून बाहेर जायचं? बुरशी धरू नये म्हणून शिवतानाच काय काळजी घ्यायची? बारा वर्षांची मुलगीही शिकायला बसणार आहे, तिला पहिलं काम कोणतं द्यावं?

उलटीटीप
कापडापासून सुरुवात करा, दोऱ्याचं नंतर.

प्रत्येक लुगडं दारात उजेडासमोर धरून पाहा. बसण्याची जागा, पायाशी येणारा भाग आणि निऱ्यांची कड इथे ते विरलेलं असतं. मग दोन्ही अंगठे एकमेकांपासून चार बोटांवर ठेवून कापड हलकेच ताणा, आधी उभं, मग आडवं. नुसतं पातळ झालेलं कापड ताण सोसतं, कुजलेलं लगेच चर्रकन फाटतं. पातळ कापड आतल्या थराला उत्तम. कुजलेलं आतही घालू नका. दोन-चार धुण्यांत त्याचा भुगा होतो, तो एका कोपऱ्यात गोळा होतो आणि गोधडीत गाठोडं तयार होतं. हे गाठोडं बाहेरून दुरुस्त करता येत नाही, सगळे टाके उसवावे लागतात.

आता हिशेब. ९ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येकी ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. एका माणसाच्या गोधडीला ही लांबी बरोबर बसते. पन्हा ४८ इंचांच्या आसपास असेल तर रुंदीला जोड द्यावा लागत नाही. म्हणजे धड असलेल्या एका लुगड्यातून चार थर निघतात. पण जुनेरात चारही तुकडे धड मिळणं कठीण, तीन धरून चाला. सहा थरांच्या गोधडीला दोन लुगडी लागतात. चार थरांची गोधडी कोकणातल्या थंडीला पुरते आणि लवकर वाळते. शिवून झाल्यावर लांबी-रुंदी दोन-तीन इंचांनी आखडते, ते आधीच धरून ठेवा.

माडाखाली
सगळी लुगडी आधी गरम पाण्यात धुऊन घ्या. चारांपैकी एखादं कमी नेसलेलं असेल तर ते अजून आटायचं असतं. गोधडीत गेल्यावर ते एकटंच आटतं आणि बाकीच्या थरांना चुण्या पडतात.

उलटीटीप
माडाखालींचं बरोबर आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचाला तीन ते पाच इंच सहज आटतं. ८१ इंचांच्या तुकड्यात हा फरक तीन-चार इंचांचा होतो. आणि रंगही तपासा. ओलं पांढरं फडकं लाल किंवा जांभळ्या काठावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते लुगडं रंग जायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा.

जांभा
कापायचं की नाही, यावर माझं मत : कापा. अख्खं लुगडं घडी घालून वापरलं की घडीच्या जागी दोन थर एकमेकांना जोडलेले राहतात, ते सरकत नाहीत आणि तिथे फुगवटा येतो. कात्रीने मात्र फक्त कडेला अर्धा इंच चीर द्या आणि पुढे हाताने फाडा. आडव्या धाग्यावर सरळ फाटतं. कापड फार विरलेलं असेल तर फाडताना चीर भरकटते. तिथे एक आडवा धागा ओढून काढा, त्याची रेघ दिसते, त्या रेघेवर कात्री चालवा.

काठ वेगळे काढून ठेवा. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, धुतल्यावर तो वेगळा आखडतो आणि गोधडीची कड वळते. तेच काठ शेवटी चारी बाजूंच्या गोटाला वापरा, कड दुप्पट टिकते.

थर अंथरायची पद्धत : फरशीवर चटई, तिच्यावर तळाचा थर उलट्या बाजूने वर. कडांवर पाट किंवा वरवंटा ठेवून तो ताणून घ्या, पण ओढून लांबवू नका. मग आतले थर एकेक करून. प्रत्येक थर मधून बाहेर तळहाताने सारखा करत जा. सगळ्या थरांचा ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे, लांबीच्याच दिशेने हवा. एका थराचा ताणा उभा आणि दुसऱ्याचा आडवा झाला की धुतल्यावर गोधडी पिळवटते. सर्वांत वर चांगला तुकडा, सुलट बाजूने.

त्यानंतर कच्चा टाका. हा टाळू नका. चार-चार बोटांचे लांब टाके, आधी मधून उभी रेघ, मग मधून आडवी, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर समांतर रेघा. त्याला वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, शेवटी उसवताना दिसतो. पक्के टाकेही मधूनच सुरू करून बाहेर न्या.

बकुळ
टाके मधून बाहेर न्यायचे, याच्याशी मी सहमत नाही. कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत जाणं हीच कित्येक घरांतली रीत आहे. कारवारच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बाया कवंदी शिवतात, त्याही कडेनेच आत येतात, कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली फुलं लावतात, आणि त्यांच्या गोधड्या अगदी सपाट असतात.

जांभा
बकुळताई, कवंदीत वरची ठिगळं आधी अंथरलेली नसतात. शिवत शिवत पुढे जाताना एकेक ठिगळ कड दुमडून ठेवत जातात. त्यामुळे वरच्या कापडाचा ढिलेपणा आत साठायला जागाच उरत नाही. आपण अख्खे थर एकावर एक ठेवतो. तिथे कडा आधी बंद केल्या तर उरलेला ढिलेपणा सगळा मध्यात ढकलला जातो आणि शेवटी भाकरीसारखा फुगा येतो.

उलटीटीप
दोघांचंही बरोबर आहे, फरक कच्च्या टाक्याचा आहे. वीत-वीत अंतरावर कच्चा टाका नीट घातला असेल तर कडेने आत येता येतं, कारण थर सरकतच नाहीत. तो घातला नसेल तर मधून बाहेर जाण्यावाचून पर्याय नाही. नवख्या हाताने दोन्ही करावं : कच्चा टाकाही घालावा आणि मधूनही निघावं. चौकोनात फिरायची रीत दिसायला सुंदर आहे, ती दुसऱ्या गोधडीला करा.

बकुळ
ठीक, हे पटलं. कवंदीतली वरची ठिगळं मी लक्षात घेतली नव्हती.

खाडीपलीकडे
दोऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. जाळ्याच्या दुरुस्तीचा नायलॉन दोरा आमच्याकडे किलोने पडलेला असतो. तो कुजत नाही, खाऱ्या पाण्यात टिकतो. गोधडीला चालेल का?

तिरफळ
नको. तंगूस (एकतारी नायलॉन दोरो) तर अजिबात नको. तो सुती कापडाक करवतीसारखो कापता. कापड जाता नि दोरो ऱ्हवता.
आणि दोरो हातभरच घेवा. वावभर घेवन बसलात तर गाठी सोडवतच ऱ्हवशात.

उलटीटीप
तिरफळ यांनी दोन ओळींत सांगितलं, त्यामागचं कारण लिहिते, कारण गोधडीचं सगळं शास्त्र त्यात आहे. दोरा नेहमी कापडापेक्षा कमजोर हवा. ताण आला की काहीतरी तुटणारच. दोरा तुटला तर चार टाके पुन्हा घातले की झालं. कापड तुटलं तर भोक पडतं, ठिगळ लागतं. जुन्या गोधड्या दोन-दोन पिढ्या चालल्या, कारण त्यांचे दोरे बदलत राहिले. कापड मजबूत होतं म्हणून नव्हे.

म्हणून दोरा सुती, दोन पदरी, मध्यम जाड. तो सुईत एकेरीच ओवा. हात पुरेल एवढाच, म्हणजे साधारण १८ ते २० इंच. त्याहून लांब घेतला की प्रत्येक टाक्याला तोच दोरा कापडातून घासून जातो आणि शेवटच्या वीतभर दोऱ्याचं लोकरीसारखं होतं. मधाच्या पोळ्याच्या मेणावरून दोरा एकदा ओढून घ्या. पीळ सुटत नाही आणि दमट हवेत सुई अडकत नाही.

किती लागेल? ४८ इंच रुंदीला पाऊण इंचावर एक ओळ धरली तर ६४ ओळी. प्रत्येक ओळ साडेसहा फुटांची, म्हणजे एकूण साधारण १२७ मीटर. टाका वर-खाली होतो, त्यात थरांच्या जाडीप्रमाणे पाचवा हिस्सा तरी जास्त जातो. १६० मीटर जवळ असू द्या. सगळा दोरा एकाच वेळी घ्या, नंतर आणलेल्या रिळाची पांढरी छटा जुळत नाही.

पायमशीन
सुती दोऱ्याबद्दल थोडं वेगळं मत. दुकानात मिळणारा साधा पॉलिएस्टर दोरा तंगुशीसारखा कापत नाही. तो अनेक तंतूंचा, पिळलेला असतो. तंगूस एकच गुळगुळीत तार असते, फरक तिथे आहे. रोज अंथरायच्या, वरचेवर धुवायच्या गोधडीला पॉलिएस्टर दोरा वाईट नाही, सुती दोरा दमट हवेत लवकर कुजतो.

उलटीटीप
कापड नवं असेल तर मान्य. चाळीस वर्षं धुतलेल्या लुगड्याला नाही. तिथे पॉलिएस्टर दोरा कापडापेक्षा कितीतरी मजबूत ठरतो, आणि फाटायची पाळी कापडावर येते.

पायमशीन
हो, जुनेराच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर.

आता मशीनचंही लिहितो, कारण सुरंगींच्या घरात आहे आणि गोट लावायला ते उपयोगी पडेल. जुन्या कापडाची अख्खी गोधडी मशीनवर मारू नये. मशीनची टीप इंचाला दहा-बारा भोकं पाडते. विरलेलं कापड त्या रेघेवर फाडायच्या कागदासारखं वेगळं होतं. शिवाय मशीनचा टाका वर-खाली दोन दोऱ्यांचा गुंतलेला असतो, तो थरांना हलू देत नाही, म्हणून गोधडी कडक होते. हाताच्या धावदोऱ्यात थर थोडे सरकतात, तो मऊपणा त्यातून येतो.

गोटासाठी : सुई १६ नंबरची, टाका मोठा, इंचाला सहा ते सात, पायाचा दाब कमी. जाड थर दाबून घातले की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि टोक बोथट होतं. मग कापडावर ओढलेले धागे दिसतात. टीप सुटत असेल तर आधी सुई बदला, ताणाचा स्क्रू नंतर फिरवा. सुई बसवताना लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा. चपटी बाजू तिच्या उलट. उलटी बसली की एकही टाका पडत नाही आणि लोक मशीन बिघडलं म्हणतात.

पावसात चामड्याचा पट्टा सैल पडतो, चाक फिरतं पण मशीन दमाने चालतं. पाव ते अर्धा इंच पट्टा कापून तारेची कडी पुन्हा बसवा. तेल मशीनचंच. खोबरेल घालू नका, २४ अंशांच्या खाली ते थिजतं, जानेवारीच्या पहाटे चाक हलत नाही. बॉबिनच्या खालची कापसाची वळी दर आठवड्याला ब्रशने काढा. ती खारट दमट हवा शोषते आणि लोखंड तिथूनच गंजायला लागतं.

कुळीथ
विषय सोडून थोडं : आमच्याकडे काही घरांत वाकळ म्हणतात, काहींत गोधडी. दोन्ही एकच का?

माडाखाली
वापरात बहुतेक एकच. काही जण जाड, ठिगळांची, अंथरायची ती वाकळ आणि पातळ, पांघरायची ती गोधडी असा फरक करतात. गावागावांत बदलतं. जुन्या लुगड्याला जुनेर, फाटून गेलेल्या कापडाला धडुतं, आणि तेही गेलं की पोतेरं. प्रत्येक पायरीला कापडाचा वेगळा उपयोग आहे. जुनेर वरच्या थराला, धडुतं आत, पोतेरं जमिनीला.

कुळीथ
छान! म्हणजे आतल्या थरात काय घालायचं ते नावातच सांगितलंय.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. लुगडी उजेडात धरून पाहिली. तीन चांगली आहेत, एक आडवं ताणल्यावर दोन ठिकाणी फाटलं. आज्जीच्या एका लुगड्यावर तपकिरी डाग आहेत, घडीच्या रेषेवर, बहुधा जुनी टाचणी राहिलेली. आणखी एक : आमची विहीर थोडी मचूळ आहे.

रिठा
फाटलेल्या लुगड्याचं आधी : त्याचा धड भाग वेगळा काढा, पदर बहुतेक वेळा शाबूत असतो. गोधडीत नाही चाललं तरी दुपट्याला चालेल.

तपकिरी डाग गंजाचा. बिलिंबी मिळते ना तुमच्याकडे, तिचा रस डागावर लावा, त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने गंज सुटतो. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, चांगल्या पाण्याने धुवा, डाग राहिला तर पुन्हा. रात्रभर ठेवू नका, आम्लाने जुना धागा मरतो. रंगीत काठावर रस लावण्याआधी कोपऱ्यात करून पाहा, रंगही उतरू शकतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवलं तरी चालतं, पण मीठ पूर्ण निघेपर्यंत खळबळा.

यावरूनच मचूळ पाण्याचं. कापडात मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढून घेतं. उन्हात वाळवलेली गोधडी रात्री पुन्हा दमट लागते त्याचं हे एक मोठं कारण. धुवायला विहिरीचं पाणी वापरा, शेवटची दोन पाणी मात्र गोड्या विहिरीची किंवा पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, द्या. लुगड्यांतली जुनी खळही गरम पाण्याने पूर्ण काढा. खळीवर बुरशी धरते आणि कसर लागते, नुसत्या सुती कापडाला त्या मानाने कमी.

साबणाऐवजी रिठा. दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा, एका लुगड्याला पुरतं. रिठ्याने रंग फार उतरत नाही.

वाळवताना दोन गोष्टी. काजूच्या झाडाखाली नको. बोंडाचा रस पडला की तो डाग जन्मभर जात नाही. आणि जांभ्याच्या गडग्यावर थेट टाकू नका, ओल्या कापडाला तांबडी माती लागते. मध्ये चटई घाला, नाहीतर बांबूची आडवी दांडी बरी. दोन्ही बाजूंना ऊन द्या. दुपार उतरायच्या आत उचला, खाडीवरचं वारं दमट होतं त्याआधी. आणि गरम असतानाच घडी घालू नका, घरात पसरून गार होऊ द्या.

जांभा
सहा थर आणि खाडीकाठ हे जमणार नाही, असं वाटतं. चार थर करा. दुसरं, ओळींमधलं अंतर फार कमी ठेवलं तर थर दाबले जातात, हवा खेळत नाही, वाळायला दुप्पट वेळ. पाऊण ते एक इंच ठीक.

माडाखाली
पॉलिएस्टर साडीचा एकही तुकडा आत घालू नका, कितीही मऊ लागला तरी. तो ओल शोषत नाही, त्यामुळे घाम आणि दमटपणा शेजारच्या सुती थरात साठतो. सुईखाली सरकतो ते वेगळंच.

आडवाबाणा
दुपट्याचा विषय निघाला म्हणून एक महत्त्वाचं. बाळाचे कपडे आणि दुपटी डांबरगोळ्या घातलेल्या पेटीत ठेवू नका. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळीच्या संपर्काने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बारशाला आज्जीच्या पेटीतून कुंची काढतात आणि तशीच बाळाला घालतात, हे टाळा. दोनदा धुऊन, दिवसभर उन्हात टाकून, वास पूर्ण गेला की मग. पेटीत वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि तीही बाळाच्या हाती लागणार नाही अशी.

मुलीला पहिलं काम म्हणून टोपडं उत्तम. १२ इंच लांब, ६ इंच रुंद सुती पट्टी. पुढची कड पाव इंच दोनदा दुमडून हेम. मागच्या कडेला धावदोरा, तो ओढून चुण्या, मध्यभाग बंद. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो, पण टोपडं कानापासून कानापर्यंत जातं, म्हणून १२ इंच पुरतात. बांधायचे बंद सहा इंचांहून लांब नकोत, गळ्याशी गुंततात. आतल्या बाजूला गाठ ठेवू नका, दोरा संपताना त्याच जागी दोन बारीक टाके मारून टोक थरांत लपवा. याच टोपड्याच्या खालच्या कडेला पाठीवर येणारा १४-१५ इंचांचा पदर जोडला की कुंची होते. खणाची करायची तर आत मऊ सुती अस्तर हवंच, खण अंगाला टोचतो. हा खण मूळचा बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा.

बकुळ
टोपडं आधी नको, आडवाबाणा. चुण्या सारख्या पडल्या नाहीत की मूल हिरमुसतं. त्याआधी दोन कामं :

पहिलं, वहीच्या रेघी कागदावर दोरा न ओवता सुईने रेघेवर भोकं. सुई कुठे जाते हे डोळ्याला कळतं, दोरा गुंतायची भानगड नाही.

दुसरं, ९ इंची चौकोनाचे चार थर. पातेलं उतरवायचं फडकं होतं. खडूने पाऊण इंचावर रेघा मारून द्या. इंचाला तीन टाके पुरेत. उलट बाजू पाहा, खालचे टाके वरच्याएवढेच दिसले पाहिजेत. नवख्या हाताला वर मोठा आणि खाली टिंब असं पडतं, कारण सुई तिरपी जाते. सुई उभी खाली, उभी वर, हे चौकोनावर जमलं की मग टोपडं.

आडवाबाणा
मान्य. फडकं, मग टोपडं, मग दुपटं.

पायमशीन
आणि अंगुस्तान पहिल्या दिवसापासून. चार थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाला छिद्र पडलं की मूल पुन्हा बसत नाही. सुई बारीक डोळ्याची नको, पण दाभणही नको. दाभणाने जुनेराला मोठी भोकं राहतात.

खाडीपलीकडे
सुया गंजतात त्याचं काय करता? महिन्याभरात टोकाला तांबूस दिसतं.

रिठा
मशीनच्या तेलाचा एक थेंब लोकरीच्या तुकड्यावर, त्यात खोचून झाकणाच्या डबीत. वापरण्याआधी धडुत्यात दोन-चारदा टोचून तेल पुसा. गंजलेली सुई टाकून द्या, घासून पुन्हा घेऊ नका. तिचा खडबडीतपणा जात नाही आणि ती धागे तोडते.

सुरंगी
माझं ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. आज्जीच्या चांगल्या लुगड्यातून वरचा आणि तळाचा थर. आईच्या एकातून आतले दोन. काठ काढून गोटाला. सुती दोरा, एकेरी, मेण लावून. मधून बाहेर. कच्चा टाका वीत-वीत. आईचं दुसरं लुगडं तसंच ठेवणार. फाटलेल्यातून लेकीची फडकी आणि दुपटं. आज्जीच्या लुगड्याचा पदर कापायला मात्र हात होत नाही.

उलटीटीप
पदर कापू नका. तो अख्खा वरच्या थराच्या एका टोकाला येऊ द्या, पायाशी नाही, उशाकडे. त्यासाठी वरचा थर मोजताना ८१ इंच पदराच्या टोकापासूनच मोजा. पदराची वीण बाकी अंगापेक्षा जड असेल तर तिथे टाके थोडे जवळ, अर्ध्या इंचावर घाला.

वेळेचा अंदाज : ६४ ओळी, इंचाला साडेतीन टाके, म्हणजे साडेसतरा हजारांच्या आसपास टाके. सरावलेल्या हाताला एका ओळीला वीस मिनिटं लागतात, एकूण एकवीस तास. नवख्या हाताला दुप्पट धरा. रोज एक तास बसलात तर दीड महिना. भातकापणी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या मध्यात सुरू केलंत तर मकर संक्रांतीच्या आधी होईल आणि पुढे मार्च-एप्रिलच्या उन्हात पहिलं धुणं देता येईल. पावसाळ्यात सुरू करू नका, दमट कापड फुगलेलं असतं, त्यावर घातलेला टाका वाळल्यावर सैल पडतो.

जांभा
आईचं राखून ठेवलेलं लुगडंही उपयोगी पडेल. दहा-पंधरा वर्षांनी वरचा थर विरला की गोधडी फोडायची नाही. जुनी गोधडी तशीच आत ठेवून वर-खाली नवा थर चढवायचा, आणि नवे टाके जुन्या ओळींच्या मधून घ्यायचे, त्याच भोकांतून नव्हे. त्या कामाला तेच लुगडं वापरा. आत्ता ते खळ काढून, कोरडं करून, गुंडाळून ठेवा. घडीत ठेवलं तर वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर त्याच रेघेवर तुटतं.

तिरफळ
एका कोपऱ्यात साल लिवा, आणि कोणाच्या लुगड्याची ता पण. उलट्या टिपेन. नायतर पुढच्यांका कळाचा नाय खयचो थर कोणाचो.

सुरंगी
लिहिणार. साल, आणि दोघींची नावं. एक शेवटचा प्रश्न : नावं गोट लावण्याआधी घालायची की नंतर?

उलटीटीप
आधी, आणि फक्त वरच्या थरावर, अंथरण्यापूर्वी. सगळ्या थरांतून घातलीत तर वरचा थर बदलायच्या वेळी ती उसवावी लागतील. कोपऱ्यापासून चार बोटं आत घ्या, गोटाखाली झाकली जाणार नाहीत.